पऱ्हाटीचा भाव बांधावर ठरवा

प्रति,
मा. नवीन व नवीकरणीय ऊर्जामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी भुसावळ तालुक्यातला कापूसवाला. आमच्या बांधावरून दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. कोळशाच्या वीजकेंद्रांनी कोळशाबरोबर ५ टक्के शेतकचऱ्याचे पेलेट (दाबून केलेल्या कांड्या) जाळावेत, हे धोरण ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलं, तेव्हा वाटलं, आता पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांना, दिवस आले.

देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन काडीकचरा निघतो, त्यातला २३ कोटी टन शिल्लक राहतो, असं तुमचं खातं सांगतं. 'शिल्लक' या शब्दापाशी मी अडलो. दादर ज्वारीचा कडबा आमच्याकडे उरत नाही, तो गुरांचा. पऱ्हाटी कितीतरी घरांचं सरपण आहे. आणि भरताची वांगी तर तिच्याच काड्यांवर भाजायची. गॅसवर भाजली तर जेवणारा ताटावरच ओळखतो. (तेवढ्या काड्या ठेवून घेऊ, देशाची वीज अडणार नाही.)

तरी पऱ्हाटी उरते, हेक्टरी दोन-तीन टन सहज. पण ती उपटायची कोणी? चिमटा धरून एकेक झाड ओढायचं, हाताला फोड येतात. मग मोळ्या, मग ट्रॅक्टर. मागच्या हंगामात एक एजंट आला, 'सगळी उचलतो' म्हणाला. मजूर लावून बांधावर ढीग घातला. त्याने एक काडी मोडून पाहिली, 'ओली आहे' म्हणाला आणि गेला तो गेलाच. मजुरी माझ्या अंगावर पडली. शेवटी ढिगाला काडी लावली.

त्या ढिगाची भीती वेगळीच होती. कृषी खातं सांगतं, कपाशी डिसेंबरअखेर मोडा, फरदड (त्याच झाडांवर पुन्हा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर रचू नका. कारण किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या पिकावर येते. पेलेटसाठी मात्र ती गोळा करून साठवावी लागते. कोणाचं ऐकू? अख्खी पऱ्हाटी गावोगावच्या डेपोत रचली, तर ती बोंडअळीची कोठारंच होतील. तेव्हा श्रेडर, म्हणजे कुट्टीचं यंत्र, आधी रानात यायला हवा. जागेवर कुट्टी करा, वाळवा, मग कुट्टीच डेपोत जाऊ द्या. वाहतुकीलाही ते परवडतं. मोळ्या म्हणजे ट्रॉलीभर हवाच.

नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात पहिल्या टप्प्याला ८५८ कोटी ठेवले. त्यातलं पेलेटचं अनुदान कारखाना उभारणाऱ्याला ठेवलं. मिळू द्या. पण माल बांधावरून कारखान्यापर्यंत आणायचा खर्च कोणाचा, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. कुट्टी रानातच पसरली तर जमिनीला कर्ब मिळतो, म्हणजे तुमचा भाव त्याहून सरस हवा. तो टनावर, ओलाव्याच्या टक्क्यानुसार आधीच जाहीर करा, आणि ओलावा मीटरने मोजा, बोटाने मोडून नको.

रावेर-यावलच्या केळीचे खांब मात्र या हिशेबात धरू नका. त्यांत नऊ हिस्से पाणी. पेलेट करायचे तर आधी पाणीच जाळावं लागेल. त्यांचा गॅस करा, गांडूळखत करा. आणि पऱ्हाटीच्या नावाखाली सातपुड्यातलं लाकूड गाडीत चढू नये, एवढी नजर ठेवा.

आमची कपाशी डिसेंबरात मोडायची आहे. भाव दिवाळीपर्यंत कळवला, तर मजूर सांगून ठेवता येतील.

आपला,
भुसावळ तालुक्यातील एक शेतकरी