९ ऑगस्टला मी का जाते

वॉर्सा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परक्या देशात मोर्चाला कशाला जातेस, असं फोनवर विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी बेलारूसची. तिथे १९९४ पासून एकच राष्ट्राध्यक्ष, लुकाशेन्को. ९ ऑगस्ट २०२० ला निवडणूक झाली. नवरा उभा राहणार होता, त्याला तुरुंगात टाकलं, म्हणून स्वेतलाना तिखानोव्स्काया उभ्या राहिल्या. लोकांनी हाताला पांढऱ्या फिती बांधल्या, मतपत्रिकेला कागदी पंख्यासारख्या घड्या घातल्या. पेटी पारदर्शक असेल तर बाहेरूनच मोजता यावं म्हणून! जाहीर निकाल मात्र असा: लुकाशेन्को ८० टक्के, त्या १० टक्के. मग इंटरनेट बंद, लाठीमार, हजारोंना अटक.

धडगावच्या डोंगरातून इलेक्शन ड्यूटी करून आलात की तुम्ही सांगायचात ना, सकाळी एजंटांसमोर मॉक पोल, संध्याकाळी सील, आणि १७-सी ची, म्हणजे किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत एजंटांच्या हातात. पाय सुजलेले असायचे, पण प्रत दिल्याचं सांगितल्याशिवाय तुम्ही जेवायला बसत नव्हता. मी हे तिला सांगितलं. विरोधकांच्या एजंटालाही देतात का, असं तिने दोनदा विचारलं. तिच्या वडिलांनी मतदान केंद्राबाहेर उभं राहून मोजणीचा कागद मागितला होता. १५ दिवस कोठडीत होते ते. तुमच्याच वयाचे आहेत.

शाळेत क्रांतिदिनाला तुम्ही नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट सांगायचात, १९४२ मध्ये झेंडा हातात घेऊन गोळ्या झेलणाऱ्या पोराची. इथे बेलारूसची ही मंडळी त्याच ९ ऑगस्टला विरोधकांचा पांढरा-लाल-पांढरा झेंडा घेऊन जमतात. त्यांच्या देशात तो नुसता खिडकीत लावला तरी पकडून नेतात. तुमची लेक त्या दिवशी घरी कशी बसेल? इथला मोर्चा रीतसर कळवलेला असतो, बंदोबस्त असतो. माझ्या नोकरीची काळजी करू नका.

आई, तिला दिवाळीला घेऊन ये म्हणालीस. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्यांचं तिला केव्हाच सांगून झालंय. पण तिचा पासपोर्ट संपत आलाय. २०२३ पासून बेलारूसच्या परदेशातल्या वकिलाती पासपोर्ट देत नाहीत. मायदेशी जाऊनच काढावा लागतो, आणि तिला तिथे उतरताच अटकेची भीती. तिने पोलंडच्या प्रवास-दाखल्यासाठी अर्ज केलाय. तो मिळाला की व्हिसाचं बघू, मगच तिकिटं काढीन.

तुमची,
लेक