मुक्कामी गाडी

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं आई विचारणारच. फोन केला की बाबा नुसतं "बरं बरं, असू दे" म्हणतात आणि फोन तुझ्याकडं देतात. काय ऐकू आलं आणि काय नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक. यावेळचं मला बाबांना सांगायचं आहे. तेव्हा आई, आधी तू फोडू नकोस. बाबा, चष्मा पुसून सावकाश वाचा.

आम्ही विजापूरला जाऊन आलो. जावई म्हणत होते रेल्वेनं जाऊ, पण मी हट्ट करून बसच धरली, तीही दुपारची, तुमची मुक्कामी गाडी सुटायची त्या सुमाराची. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. मुधोळ येईपर्यंत इंजिनाच्या घरघरीनं माझं डोकं भणभणलं. तुम्ही त्या बॉनेटशेजारी बत्तीस वर्षं काढलीत. तुमच्या डाव्या कानाचं काय झालं हे डॉक्टरनं सांगायची गरजच नव्हती. जमखंडीला चहा प्यायलो आणि कृष्णा ओलांडली तेव्हा दिवस कलला होता.

लहानपणी आम्ही विचारायचो, "बाबा, गोल घुमट बघितलात काय?" तर तुम्ही म्हणायचात, "गावात शिरताना दिसतंय की. त्यात काय बघायचं?" मला तेव्हा फार राग यायचा. फुकटचा पास असून आम्हाला कधी नेलं नाहीत म्हणून एकदा मी दोन दिवस अबोला धरला होता, आईला आठवत असेल.

तर तो घुमट लांबून दिसतो तसा नाही, बाबा. आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर जाते आणि मग डोळे खांब शोधतात. खांब नाहीतच. अठरा हजार चौरस फुटांच्या वर जागा आणि मध्ये आधाराला एक खांब नाही. आठ कमानी एकमेकींत गुंतवून वरचा भार चार भिंतींवर उतरवला आहे. मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 मध्ये पुरी झाली, आणि रचणारा याकूत हा दाबूळचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा, असं सांगतात. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले चढायचे. पायऱ्या अरुंद आणि उंच. आई, तुझ्या गुडघ्यांचं ते काम नव्हे, आत्ताच सांगते.

वर सज्जात भिंतीला कान लावून मी उभी राहिले आणि जावई समोरच्या बाजूला गेले. मधे अडतीस मीटर पोकळी. त्यांनी तिकीट फाडलं, तो टर्रकन आवाज माझ्या कानाशी आला. मग ते हळूच काहीतरी बोलले. काय ते लिहीत नाही, पण लख्ख ऐकू आलं. शब्द सात वेळा फिरून येतो म्हणतात. मी मोजायला बसले तर पाचाच्या पुढचे पोरांच्या शिट्ट्यांत हरवले. पहाटे उघडल्या उघडल्या जायला हवं. आणि खरं सांगू? त्या सज्जात मला सारखं वाटत होतं की इथं बाबांना ऐकू येईल. कपाटातलं ते कानाचं मशीन न लावता.

मुलूखमैदान तोफ तुम्हाला आवडली असती. शरझा बुरुजावर आहे. तोंड सिंहाच्या जबड्याचं, आणि त्या जबड्यात हत्ती. 1549 ची, अहमदनगरची ओतीव. वजन पंचावन्न टन, म्हणजे तुमच्या खच्चून भरलेल्या तीन-चार गाड्या एकावर एक. ती परांड्याच्या किल्ल्यातून इथं आणली, रस्ता नाही, गिअर नाही, नुसते बैल आणि हत्ती जुंपून. घाटात ब्रेक कसा लावला असेल याचा विचार तुम्हीच करावा. पुढं इंग्रजांनी लिलावात काढली तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची, म्हणून राहिली.

गगनमहालाची मधली कमान प्रचंड आहे, बाकी छप्पर गेलेलं. 1686 मध्ये विजापूर पडलं आणि आदिलशाही संपली, ती औरंगजेबाच्या हातून. तुमच्या नातवाला यातलं काही नको होतं. अफझलखान निघाला तो कुठल्या दरवाजातून, एवढं एकच तो विचारत होता. तट दहा किलोमीटरचा, दरवाजे कितीतरी. शेवटी जावयांनी एका दरवाजाकडं बोट दाखवून त्याला गप्प केलं. मी काही बोलले नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ताजबावडी.

आपल्याकडं बावडी म्हटलं की विहीर. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तुम्ही बघितली आहे, गांधीजींच्या 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली. त्या मापानं तुम्ही मनात चित्र काढाल तर चुकाल. रस्त्याकडनं आधी एक भली थोरली कमान लागते, दोन्ही अंगांना आठकोनी बुरूज. आम्हाला वाटलं वाडा आहे. कमानीतून पुढं झालो आणि पायाखालची जमीन संपली. खाली चौकोनी तळंच म्हणा, एकेक बाजू दोनशे फुटांच्या वर, आणि कमानीखालून दोन्हीकडं पायऱ्या उतरत गेलेल्या. पाणी हिरवंगार. भिंतीच्या सांध्यातून पिंपळ उगवलेला, त्याचं एक पान पाण्यावर पडलं आणि बराच वेळ जागचं हललं नाही. दुपार होती तरी त्या काठावर गारवा होता. 1620 ची बांधणी, इब्राहिम आदिलशहाची बेगम ताज सुलताना हिच्या नावानं मलिक संदल यानं केलेली.

तुम्ही विजापूरच्या पाण्याला किती नावं ठेवायचात! "मचूळ, डाळ शिजत नाही त्यात." घरनं निळ्या कॅनमध्ये पाणी न्यायचात, त्याला ओलं फडकं गुंडाळून. त्याच गावात अशा बावड्या, चांदबावडी निराळी, आणि शिवाय बेगम तलावातनं मातीच्या नळांनी पाणी खेळवलेलं. मधे मधे गंज म्हणून उंच मनोरे आहेत. पाण्याचा जोर तिथं मोडायचा आणि गाळ तळाशी बसायचा. तुम्ही असतात तर एका गंजाखाली तासभर उभे राहून नळाचा उतार शोधला असतात.

कमानीच्या दोन्ही अंगांना खोल्या आहेत. त्या कशासाठी म्हणून चौकशी केली, तर थकून आलेल्या वाटसरूंनी टेकावं म्हणून. ते ऐकलं आणि मी तिथंच पायरीवर बसले. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी मुक्कामाला येणाऱ्यांची सोय दगडात करून ठेवली, आणि माझे बाबा त्याच गावात गाडीच्या टपावर सतरंजी टाकून निजले, पहाटे पाचला पुन्हा स्टेअरिंगवर. घुमट बघायला वेळ कुठला होता तुम्हाला? रात्री साडेआठला गाडी लावायची, हिशेब द्यायचा, भाकरी खायची. त्यावेळी घुमटाला कुलूप. इतकी साधी गोष्ट चाळीशी उलटल्यावर कळली मला. तो दोन दिवसांचा अबोला परत घेते.

तर आता तुम्ही दोघं यायचं. संक्रांत झाली की लगेच, ऊन चढायच्या आत. गाडी ठरवली आहे, बसनं नाही. राहायची खोली तळमजल्यावर बघून ठेवली. आई, तू घुमटाखाली सावलीत बस, वर आम्ही दोघं चढतो. बाबा म्हणतील पाय दुखतात, तर सातही मजल्यांवर एकेकदा टेकू, घाई कुणाला आहे? तिथली ज्वारीची कडक भाकरी आणि भरल्या वांग्याची येण्णेगाई मी दोनदा खाल्ली. आई, तुझ्यासारखीच होती, हे खोटं नाही सांगत.

तुमची,
बेबी

ता. क. निळा कॅन माळ्यावर असेल तर काढून ठेवा. नातवाला दाखवायचं कबूल केलं आहे. झाकण गळतं, तेवढं बघा.