डोंगरातल्या मातीच्या वाटा सायकलींना द्या, मोटारींना नको : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सह्याद्रीतील कच्चे वनरस्ते व जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी काढलेले मोकळे पट्टे) मोटारमुक्त सायकलमार्ग म्हणून जाहीर करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं सायकल चालवते. गावाचं आणि घाटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाक्यावरच्या वनरक्षकाच्या नोकरीवर गदा यावी अशी माझी इच्छा नाही. त्याने वरून आलेलं तोंडी फर्मान पाळलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी नेहमीच्या मुरमाड रस्त्याने निघाले होते. हा रस्ता जंगलातून डोंगराच्या कडेकडेने जातो आणि पलीकडच्या वाडीत उतरतो. अंजन, जांभूळ, हिरड्याची सावली, वर्दळ नाही, हॉर्न नाही. नाक्यावर मला अडवलं. "मॅडम, सायकल आत नेता येणार नाही, साहेबांनी सांगितलंय." लेखी आदेश मागितला, तो नव्हता. आमचं बोलणं चालू असतानाच विश्रामगृहाचं आरक्षण दाखवून दोन मोठ्या गाड्या धूळ उडवत आत गेल्या. मी मागे फिरले आणि घाटाचा डांबरी रस्ता धरला. तिसऱ्या वळणावर डंपरला ओलांडून पुढे घुसणाऱ्या एका पर्यटकाच्या गाडीने माझ्या हँडलला धडक दिली. मी कठड्यावर आपटले. गाडी थांबली नाही. मला उचललं ते दूध घेऊन चाललेल्या एका मोटारसायकलवाल्याने.

कॉलर बोनचे दोन तुकडे झाले, आत धातूची पट्टी बसवावी लागली. रात्री आडवं होता येत नाही, खुर्चीत बसून झोपते. वेणी सासूबाई घालून देतात. भरलेली बादली उचलता येत नाही, पोळी लाटता येत नाही. दहावीचा वर्ग दुसऱ्यावर सोपवावा लागला आणि माझ्या मुलांचं बीजगणित अर्ध्यावर राहिलं. धडक देणारा सापडला नाही, सापडेल असंही वाटत नाही. आणि मंत्रीमहोदय, हे सारं भोगताना सतत एकच गोष्ट डोक्यात येते : मी त्या रस्त्यावर स्वतःहून गेले नव्हते. मला तिकडे पाठवलं गेलं.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली पंधरा हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. त्याच वर्षी देशभरात साडेचार हजारांवर सायकलस्वार गेले. ही सरकारी आकडेवारी आहे. अशा रस्त्यांवर सायकलवाल्याला ढकलायचं आणि वर्दळ नसलेल्या वाटेवर त्याला अडवायचं, याला संरक्षण म्हणायचं का? कोणाचं संरक्षण? जंगलाचं म्हणत असाल, तर डिझेलचा धूर सोडत जाणाऱ्या दोन टनांच्या गाडीपेक्षा माझ्या चाळीस मिलिमीटरच्या टायरने जंगलाचं काय जास्त बिघडणार होतं, ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

कायद्याचा मुद्दा येईल म्हणून तो वाचूनच लिहिते आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, मान्य. पण त्याच कलमात वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही, असंही लिहिलं आहे. म्हणजे मार्ग कायद्यातच आहे, इच्छा हवी. केंद्राने २०२३ मध्ये १९८० च्या वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि वनखात्याच्या कार्ययोजनेत घेतलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा वनेतर वापरात, म्हणजे जंगलाच्या इतर कामांसाठीच्या वापरात, धरायच्या नाहीत, अशी सोय केली. इमारतींसाठी कायदा बदलता येतो. सायकलीला इमारत लागत नाही, वाहनतळ लागत नाही, डांबरसुद्धा लागत नाही, तरी तिला परवानगी नाही. गेल्या वर्षी आम्ही काही सायकलवाल्यांनी याचसाठी रीतसर अर्ज दिला होता. अधिकाऱ्यांनी दिवाळीपर्यंत मार्ग ठरवून देऊ असं सर्वांसमोर सांगितलं. दिवाळी गेली आणि 'बाब विचाराधीन आहे' अशी एका ओळीची पोच आली.

आम्ही मागतो आहोत ते फार मोठं नाही. अभयारण्यांचा आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आम्हाला नकोच. तिथे जनावरांचा हक्क पहिला. पण त्याबाहेर राखीव वनांत वणवा अडवण्यासाठी काढलेल्या जाळरेषा आहेत, खात्याचे जुने मुरमाचे रस्ते आहेत, वाडीवस्तीला जोडणाऱ्या गाडीवाटा आहेत. त्या आजही आहेत. त्यांतल्या निवडक वाटांच्या तोंडाशी दोन दगडी खांब असे रोवा की सायकल आणि माणूस जाईल, मोटार जाणार नाही. वणव्याच्या वेळी खात्याच्या गाडीसाठी मधला खांब काढता येईल असा ठेवा. सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ ठेवा. दिवसाला किती सायकली सोडायच्या तो आकडा तुम्ही ठरवा, जोरदार पावसात आणि वणव्याच्या ऐन दिवसांत वाट बंद ठेवा. शुल्क घ्या, पण ते गावाच्या वन समितीला जाऊ द्या. कास पठारावर हेच चाललं आहे ना? तिथे फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आहे, आगाऊ नोंदणी आहे आणि कारभार भोवतालच्या गावांच्या समितीकडे आहे. जागतिक वारशात असलेल्या पठारावर जे जमतं, ते आमच्या घाटात का जमू नये?

आणि कृपा करून त्या वाटांवर डांबर टाकू नका. हे मी हात जोडून सांगते, निदान एक हात तरी. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. असल्या पावसात डांबराचा थर सुटून वाहून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा निविदा निघते. मुरमाच्या वाटेला ठरावीक अंतरावर आडवे चर खणले, पाणी उताराकडे काढून दिलं आणि पावसानंतर फावड्याने डागडुजी केली की ती वर्षानुवर्षं टिकते. ते काम गावातल्या माणसांना मिळतं. बहुधा त्यात ठेकेदाराला काही मिळत नाही, म्हणूनच ते होत नसावं.

माथेरानचं पाहा. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवरही पेव्हर ब्लॉक बसवायला निघाले, आणि आतल्या वाटांवर ते नकोत हे सांगायला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला यावं लागलं. मातीची वाट माती म्हणून ठेवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागत असेल, तर सामान्य माणसाने रोज कुठे कुठे दाद मागायची? स्पेनने १९९३ पासून बंद पडलेले रेल्वेमार्ग चालण्यासाठी आणि सायकलींसाठी मोकळे करायला घेतले, आज ते जाळं ३,००० किलोमीटरच्या पुढे आहे. आपल्याला रूळसुद्धा उखडायचे नाहीत.

इथे मात्र उलटंच चाललं आहे. कोयनेच्या पाण्याभोवती, कास-बामणोली-तापोळ्याच्या पट्ट्यात सरकारला 'नवीन महाबळेश्वर' हे गिरिस्थान उभं करायचं आहे. त्यात आधी २३५ गावं, मग त्यात आणखी भर. जुन्या महाबळेश्वरचं गाड्यांच्या रांगांनी काय झालं ते आम्ही दर सुट्टीला बघतो. ते २००१ पासून संवेदनशील क्षेत्र असूनही झालं. आता तेच शेजारच्या खोऱ्यात करायचं आणि त्याला विकास म्हणायचं. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा मसुदा म्हणूनच निघाली. २०११ मध्ये पश्चिम घाटाबाबतच्या गाडगीळ समितीचा अहवाल आला तेव्हा जन्मलेली मुलं आज माझ्या वर्गात बसतात. डोंगर कापायला परवानगी काही महिन्यांत मिळते, तो राखायला दीड दशक पुरत नाही.

मानव विकास कार्यक्रमातून हेच सरकार आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतं. चांगलं आहे, मी त्याचं मनापासून कौतुक करते. पण डोंगरातल्या मुलीने ती सायकल चालवायची कुठे? घाटरस्त्याला कडेची जागाच नाही. शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या सुसाट येतात म्हणून आया मुलींना घराबाहेर सायकल काढू देत नाहीत. वाडीतून शाळेपर्यंत जंगलातून जाणारी जुनी वाट असते, तिथे फाटक. या मुलींना मी काय उत्तर देऊ? पर्यटकाला वाट देण्याआधी ती त्यांना द्या. आम्ही हौशी सायकलवाले त्यांच्या मागून येऊ.

तेव्हा महोदय, एवढं करा. प्रत्येक वनविभागाकडून अशा वाटांची यादी मागवा, गावांच्या समित्यांशी बोला आणि या पावसाळ्यानंतर निदान पाच वाटा लेखी आदेशाने सायकलींना खुल्या करा. आदेश नाक्यावर मराठीत लावा, म्हणजे वनरक्षकालाही तोंडी फर्मानावर उभं राहावं लागणार नाही. या पत्राला एका ओळीची पोच नको आहे. यादी कधी होणार आणि ती कोणता अधिकारी करणार, हे तारखेसह लेखी कळवा.

आपली,
सायकल चालवणारी एक शिक्षिका