कांदा आपला, पण बाजार एकट्या आपला नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनी आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा सगळीकडं एकच चर्चा होती की बघा, अमेरिका फक्त स्वतःचं बघते. त्याच वर्षी चीननं विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं रोखून धरली आणि आमच्या नाशिकच्या द्राक्षवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हाही आपण चीनला नावं ठेवली. राग बरोबरच होता, मलाही आला. पण हेच आपण शेजाऱ्यांशी वागतो तेव्हा त्याला देशहित म्हणतो, आणि ते मला पटत नाही म्हणून हे पत्र.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. आमचा कांदा परदेशात सगळ्यात जास्त घेणारं गिऱ्हाईक बरीच वर्षं बांगलादेश होतं. २९ सप्टेंबर २०१९ ला दिल्लीनं एका दिवसात निर्यात बंद केली. तिकडं ढाक्यात कांद्याचा भाव किलोला २०० टका (तिथलं चलन) याच्या वर गेला, विमानानं कांदा मागवायची वेळ आली त्यांच्यावर. ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा उद्योजकांसमोर हिंदीतून बोलल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, जेवणात कांदा घालू नकोस, आणि पुढं असंही म्हणाल्या की बंद करायचं तर आधी कळवत जा, आम्ही दुसरीकडून सोय केली असती. आपल्याकडं ती बातमी गंमत म्हणून फिरली. खरं तर एका देशाची पंतप्रधान आपल्या राजधानीत येऊन फक्त नोटीस मागत होती, फुकट कांदा मागत नव्हती.

वर्षही उलटलं नाही आणि १४ सप्टेंबर २०२० ला परत तेच. बंगालच्या बॉर्डरवर ट्रकच्या रांगा लागल्या, गोण्यांतून पाणी गळायला लागलं, नंतर थोडे ट्रक सोडले तोवर त्यातला बराच माल सडला होता. ढाक्यानं लेखी कळवलं की आधी सांगायचं ठरलं होतं ना. मग ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही, आणि ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी.

त्या डिसेंबरचं चित्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. लाल कांद्याची आवक सुरू, ट्रॅक्टर भरून लोक लिलावाला निघालेले आणि निघता निघता मोबाईलवर बातमी, लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवला. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) टाकून पाच-सहा महिने वाट बघता येते, लाल कांद्याला तो टाईम नसतो, तो काढला की विकावाच लागतो, मग भाव काहीही मिळो. क्विंटलमागं चार हजारांच्या आसपास असलेला भाव बघता बघता निम्म्यावर आला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभेच्या निवडणुकीत, तीसुद्धा ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के ड्युटी लावून. ती ड्युटी पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला.

शहरात कांदा महागला की सरकारला घाम फुटतो हे मान्य, गरिबाच्या घरातही कांदा लागतो, मी ते नाकारत नाही. पण निर्णय घेताना पुढच्या निवडणुकीपलीकडं कोणी बघतच नसेल तर काय होतं ते आता समोर आहे. दुकानदार मनाला येईल तेव्हा शटर खाली ओढायला लागला तर गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतंच. बांगलादेशनं पाकिस्तान, तुर्कस्तान, इजिप्त, चीन अशी दारं ठोठावली, स्वतःच्या शेतकऱ्याला कांद्याकडं वळवलं, आणि आता त्यांचं पीक बाजारात असलं की ते आपल्या कांद्याच्या आयातीचे परवाने रोखून धरतात. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. आणि फटका कुणाला, तर लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याच्या शेतकऱ्याला, ज्याला बंदी करताना कोणी विचारलंही नव्हतं.

फक्त पैशाचा विषय असता तरी एक वेळ चाललं असतं. बांगलादेशशी संबंध बिघडले की आपले चॅनेलवाले त्यांना उपकाराची जाणीव नाही म्हणतात. पण तिथल्या साध्या माणसानं भारत अनुभवला तो कसा, तर सणासुदीला किचनमधला कांदा गायब झाला तेव्हा. हे कुठल्या परराष्ट्र धोरणात बसतं?

डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या वाणिज्य मंत्र्यांनी दिल्लीत येऊन कांदा, गहू, तांदूळ, साखर यांचा वर्षाचा ठराविक कोटा मागितला होता. तो विषय रेंगाळत राहिला. तो कोटा ठरवा, आपला कांदा घेणाऱ्या श्रीलंकेसाठीही ठरवा, बंद करायची वेळ आलीच तर तीन महिने आधी जाहीर करा आणि वाटेत असलेला माल अडवू नका. आमच्या भागातल्या आमदार-खासदारांनी फक्त भाव पडल्यावर रस्त्यावर न येता ही मागणी आत्ता, बाजार शांत असताना लावून धरावी, कारण भाव चढले की दिल्लीत कोणी ऐकायच्या मनस्थितीत नसतं.

आपला वाचक,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक