ऋतू बदलला हे गावात उघडपणे बोलायला हवे: मित्रास पत्र

देवगड

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत देवळाच्या सभामंडपात तू जे बोललास, त्यावर चार माणसांसमोर तुझ्याशी वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. हवामानबदल ही शहरातल्या शिकलेल्या माणसांची ओरड आहे, कोकणाने असा पाऊस आणि अशी वादळे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, असे तू म्हणालास. तुझ्या शब्दाला वाडीत मान आहे. त्यामुळे तेव्हापासून पावसाचा, बागेचा किंवा डोंगराचा विषय कोणी काढला की "श्रीधरभाऊ काय म्हणाले ते ऐकलेत ना?" एवढ्यावरच बोलणे थांबते. दुसऱ्या कोणी हेच म्हटले असते तर मी इतके मनाला लावून घेतले नसते.

२०२५ च्या मे महिन्याचेच पाहा. मोसमी पाऊस २५ मे रोजी आपल्या सिंधुदुर्गात पोचला आणि २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. त्याच्या आधीचे दिवसही अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे पावसातच गेले होते. मेअखेर म्हणजे रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस. आमच्या काकीने रातांबे फोडून, बिया काढून, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून खळ्यात वाळत घातल्या होत्या. सोलांना रसाची पुटे द्यायची आणि प्रत्येक पुटानंतर कडक ऊन दाखवायचे, तेव्हा कुठे त्यांना तो काळपट रंग आणि टिकाऊपणा येतो. दोन पुटे झाली आणि ऊन गेले ते गेलेच. साली लिबलिबीत झाल्या, कडांना पांढरी बुरशी धरली. ज्या वाचतील असे वाटले त्या तिने चुलीवरच्या माळ्यावर पसरल्या, तर त्यांना धुराचा वास लागला. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचे आणि घरोघरीच्या आंबापोळीचेही तेच झाले. या बायकांचे वर्षाचे हक्काचे चार पैसे अशा वाळवणावर उभे असतात आणि कोणत्याही पंचनाम्यात ते येत नाहीत.

एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, असे तू म्हणशील आणि ते बरोबर आहे. म्हणून आंब्याचे सांगतो, कारण तो वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. पाऊस संपल्यावर जमिनीला ताण बसावा, हवा कोरडी व्हावी, रात्री गार व्हाव्यात आणि मग काडी पिकून मोहोर यावा, ही हापूसची रीत तू माझ्याइतकीच जाणतोस. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो आणि मोहोराऐवजी पालवी फुटते. थंडी सलग पडत नाही, तुकड्यातुकड्याने येते. त्यामुळे पहिल्या मोहोराला कणी, म्हणजे बारीक फळे, धरलेली असतानाच त्याच फांदीवर दुसरा मोहोर येतो आणि झाडाची सगळी शक्ती त्या नव्या मोहोराकडे गेल्याने कणी गळून जाते. जानेवारीत पहाटे बागेत गेलास तर ही गळलेली कणी पाचोळ्यावर मोहरीसारखी पसरलेली दिसेल. मळभ आले की तुडतुडे, भुरी आणि फुलकिडे येतात, फवारण्या वाढतात, दुकानदाराची उधारी वाढते. त्यातूनही जे फळ सुपारीएवढे होते, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून येणाऱ्या गरम वाऱ्यांत सापडते. काही गळते, काही उन्हाने भाजते आणि काही बाहेरून देखणे राहून कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट खराब गर, निघतो.

हे तुझ्या बागेतही होते. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता तूही भरतोस आणि त्या विम्यात अवेळी पाऊस, कमीजास्त तापमान, सुसाट वारा याच गोष्टींसाठी संरक्षण आहे. विम्यासाठी जे धोके आपण खरे मानून पैसे मोजतो, त्यांच्यामागचे कारण सभामंडपात नाकारायचे, हे मला पटत नाही.

वादळे पूर्वीही येत होती, यात वाद नाही. पण पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन कालखंड ताडून पाहिले, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले, तर बंगालच्या उपसागरात ती किंचित घटली. ३ जून २०२० च्या 'निसर्ग'ने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या आणि वर्ष पुरे होण्याआधी मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला घासत गेले, हे आपण दोघांनीही अनुभवले आहे. समुद्राचे पाणी तापले की वादळाला बळ मिळते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि पडते तेव्हा ते एकदम कोसळते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथेच उगम पावणारी सावित्री नदी महाडमध्ये शिरली, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. डोंगर नीट न राखल्याने दरडी येतात आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी व एलईडी दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीमुळे मासळी घटते, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. मात्र पोखरलेल्या उतारावर जास्त जोराचा पाऊस पडला तर धोका दुप्पट होतो. एक कारण खरे ठरले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

सूर्यच जास्त तापत असेल, असेही तू म्हणालास. १९७८ पासून उपग्रह सूर्याची उष्णता मोजत आहेत आणि ती वाढलेली नाही. सूर्य कारण असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० वरून ४२० च्या वर गेला आहे आणि तो खालची उष्णता धरून ठेवतो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त उष्ण होते. एक्झॉन या तेलकंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९८० च्या दशकांतच तापमानवाढीचे अंदाज बांधले होते आणि ते बरेचसे अचूक ठरले. कंपनी मात्र बाहेर पुढे कित्येक वर्षे संशय पसरवत राहिली. आपल्या फोनवर जे संदेश येतात, त्यांतले कित्येक मुद्दे त्याच काळात तयार झालेले आहेत, आपल्या वाडीत नव्हे.

हा धूर आपण केलेला नाही, ही तुझी चीड मात्र सर्वस्वी रास्त आहे. अमेरिकेतल्या एका माणसामागे होणारे उत्सर्जन भारतातल्या माणसाच्या कित्येक पट आहे. परंतु नुकसान झालेच नाही असे म्हणणाऱ्याला भरपाई कोणाकडे मागता येईल?

गावात लोक उघड का बोलत नाहीत, हे मला कळते. बागेचा करार व्यापाऱ्याशी व्हायचा असतो, जमिनीचा भाव पडेल असे वाटते, कर्जाचे नूतनीकरण असते, पोराला बागायतीत ठेवायचे की मुंबईला धाडायचे हा प्रश्न असतो. "यंदाचे वर्ष वाईट गेले" असे म्हटले की पुढच्या वर्षाची आशा शाबूत राहते. पण दरसाल तेच म्हणत राहिल्याने कोणीच पुढची तयारी करत नाही. वरच्या वाडीमागचा डोंगर रस्त्यासाठी कापला, त्याला पावसाळ्यात भेगा पडल्या, त्याच्या पायथ्याशी आणखी दोन घरांच्या जोत्यांची आखणी झाली आहे. तिथे राहणारी मुले आपल्या ओळखीची आहेत, श्रीधर, आणि या एका गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असे मी लेखी देणार आहे: त्या उताराची भूवैज्ञानिकांकडून तपासणी होईपर्यंत नवे बांधकाम थांबवावे, पाणी वळवण्यासाठी चर खोदावेत आणि अतिवृष्टीत त्या घरांना शाळेत हलवण्याची जबाबदारी नावानिशी ठरवावी. मी बोललो तर लोक ऐकून घेतील, तू बोललास तर मान्य करतील. तुझ्या आबांनी नक्षत्रवार पाऊस आणि पहिल्या मोहोराची तारीख टिपलेल्या ज्या वह्या तुझ्या ठाण्याच्या घरी आहेत, त्या येताना घेऊन ये. ग्रामसभेआधी दोघे मिळून त्या वाचू. त्यांत माझ्या म्हणण्याविरुद्ध काही निघाले तर तेही सभेत वाचून दाखवू. अर्जावर सही करायची की नाही, ते त्यानंतर तू ठरव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आंबोळ्यांचे पीठ दळून ठेवायला सांगितले आहे, तेव्हा मुक्काम आमच्याकडेच.

तुझा,
विनायक