माप घेऊन सहल ठरवणाऱ्या मुलीस

चि. ट्रॅव्हल्सवाल्या ताईस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून घालत नाही. राजारामपुरीतली ज्यांना कळायची त्यांना कळेलच. अगं-तुगं करते त्याचा राग मानू नकोस, वयानं तू माझ्या धाकट्या लेकीएवढी. फोनवर आभार मानायला गेले तर "त्यात काय एवढं काकू" म्हणून तू विषयच बदललास. म्हणून आता चारचौघांत मानते. शिवाय सहलीचं नाव निघालं की "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" म्हणणाऱ्या बायका आपल्या कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत. तू काय काय केलंस ते त्यांनाही कळू दे.

माझं वजन १२८ किलो. दोन्ही गुडघे झिजलेले, हातात चार पायांची काठी. सपाटीवर शे-दीडशे पावलं एका दमात होतात, मग कुठंतरी टेकावं लागतं. "आधी वजन उतरवा, मग फिरा" हे मला डॉक्टरांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. वजन उतरवायचं चालू आहे, गुडघ्यांसाठी ते हवंच. पण ते उतरेपर्यंत समुद्र बघायचा नाही, असा कुठं नियम आहे? तुझ्याकडे येतानाही तेच ऐकायची तयारी ठेवून आले होते. तू मात्र वजनावर एक अक्षर बोलली नाहीस. ड्रॉवरमधून टेप काढलीस आणि ब्लाउज शिवायला टाकताना शिंपीण घेते तितक्या सहज माझी मापं घेतलीस. बसल्यावर कमरेशी रुंदी किती, गुडघा जमिनीपासून किती उंच, पाय किती इंच उचलतो. ऑफिसातल्या एकेका खुर्चीवर बसवून बघितलंस. हाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मी अडकते, बुटक्या स्टुलावरून उठता येत नाही, बिनहाताच्या लाकडी खुर्चीतून टेबलाला रेटा दिला की उठता येतं. सगळं वहीत लिहिलंस. सहा इंचांची पायरी चालेल, आठची नको. कठडा उजव्या हाताला हवा. आमचे हे शेजारी बसून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ही पोरगी नीट काम करणार."

तुझ्याआधी आम्ही एका टूरवाल्यांबरोबर गेलो होतो. नाव घेत नाही. बसमध्ये मला दोन सीटचे पैसे पडले. त्याचंही काही नाही, जागा लागतेच. पण दोन सीटच्या मधला दांडा काही निघेना, म्हणून दोन्हींचे पैसे भरून मी एकीतच कोंबून बसले. जिथं पायऱ्या आल्या तिथं "काकू, तुम्ही गाडीतच थांबा" हा ठरलेला कार्यक्रम. मार्लेश्वरला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत हे त्यांना आधी माहीत नव्हतं का? होतं. माझ्यासारखं कुणी येईल, हेच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मला गणपतीपुळ्याला जायचं होतं. कोल्हापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, आंबा घाट उतरला की कोकण. मी आपली नाताळच्या सुट्टीत जाऊ म्हणत होते. तू कॅलेंडर काढलंस ते तिथी बघायला. मला वाटलं, मुहूर्त बघतेयस की काय! तू विचारलंस, "काकू, वाळूत चालायचंय ना?" आणि मग कोकणातल्या माणसांचा हिशेब सांगितलास. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास गेलं तर ओहोटी नेमकी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. उधाणाचे दिवस असल्यानं पाणीही खूप आत गेलेलं असतं आणि ओली, घट्ट वाळू भरपूर उघडी पडते. कोरड्या भुसभुशीत वाळूत काठी रुतते, ओल्या वाळूत ती उभी राहते. संकष्टी टाळायची, कारण देवळात पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवार टाळायचा. मार्गशीर्षातली चतुर्दशी-पौर्णिमा तू काढून दिलीस. दत्तजयंतीची गर्दी असते ती इकडे नरसोबाच्या वाडीला, तिकडे पुळ्याला निवांत. तिथीवरून माझ्या गुडघ्यांची सोय बघणारी तूच पहिली भेटलीस बाई.

लॉजवाल्यांना तू केलेले फोन मी समोर बसून ऐकले, म्हणून लिहिते. ते म्हणायचे, "लिफ्ट नाही, पण पायऱ्या काही फार नाहीत." तू म्हणायचीस, "दादा, मोजून सांगा, मी थांबते." ते म्हणायचे, रॅम्प आहे. तू म्हणायचीस, लांबी किती आणि चढ किती. फूटभर चढायला निदान बारा फूट उतार हवा, एवढं तुला तोंडपाठ. एकाचा रॅम्प पाच फुटांत दीड फूट चढत होता. सामानाच्या ट्रॉलीसाठी केला असेल, माणसासाठी नक्कीच नव्हता. बाथरूमच्या दाराला टेप लावून फोटो पाठवायला सांगितलेस. दार दोनच फुटांचं असेल तर नको, अडीच फूट तरी हवं, आणि बाहेर उघडणारं असलं तर उत्तम, म्हणजे आत कुणी पडलंच तर दार अडत नाही. कमोड जमिनीवर बसवलेला हवा, भिंतीला टांगलेला नको. टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती भिंतीतून निघून येते, हे मला बजावलंस ते वेगळंच. एकानं तर "एवढं कशाला, पेशंट आहेत का?" असं विचारलं. "नाही, गिऱ्हाईक आहेत" म्हणून तू फोन ठेवलास. मला फार हसू आलं आणि जरा भरूनही आलं.

शेवटी जी जागा काढलीस ती देवळापासून थोडी लांब, तळमजल्यावरची, व्हरांड्याला एकच पायरी. एक गोष्ट तिथं हुकली. गादी इतकी मऊ होती की पहिल्या रात्री मी आत गेले ती गेलेच, आणि पहाटे उठायला दोघांचे हात लागले. सकाळी मालकांनी गादीखाली प्लायवूडची फळी सरकवली, काम झालं. पुढच्या वेळी वहीत गादीचाही रकाना घाल.

आता गाडीबद्दल. बसून बघितल्याशिवाय गाडी ठरवायची नाही, हा तुझा हट्ट. सेडानमध्ये खाली बसावं लागतं, जीपमध्ये वर चढावं लागतं. एर्टिगाची सीट मला कमरेच्या उंचीला बरोबर आली. पुढची सीट पार मागे सरकवलीस, पाठ जराशी कलती केलीस. आधी पाठ करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की अंग आपोआप वळतं, ती बसल्यावर काढून घ्यायची. सीटबेल्ट मी नेहमी पोटावरून ताणून लावायचे आणि दहा मिनिटांत काढून टाकायचे. तू तो पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून लावायला शिकवलंस. तसा तो पुरलाही आणि बोचलाही नाही. सुताराकडून सहा इंच उंचीचा, वर रबर ठोकलेला पाट करून घेतलास, तो गाडीतच होता. ड्रायव्हरमामांना तू निघताना सांगितलंस ते मी ऐकलं: "मामा, काकूंना हात धरून ओढायचं नाही. तुम्ही आपला हात कोपरात वाकवून घट्ट ठेवायचा, त्या धरतील." घरात माझी माणसं मायेनं ओढतात आणि माझा तोल जातो. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. आता घरातही हाच नियम केलाय.

पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा उजाडत होतं. तासाभरानं थांबायचं, उतरायचं, थोडं चालायचं हे ठरलेलं. सलग चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास झाला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या घरात जातो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलंय, आणि वजन जास्त असेल तर त्यात आणखी भर. हे आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण थांबायचं कुठं ते तू शोधलंस. घाट सुरू व्हायच्या आधी, कमोड असलेल्या जागी. आम्हा बायकांची प्रवासातली जुनी युक्ती म्हणजे पाणीच प्यायचं नाही. पुढं संडास आहे हे माहीत असलं की माणूस पाणी पितं. एवढी साधी गोष्ट आहे ही.

हातखंब्याहून निवळीमार्गे गेलो असतो तर पुळं जवळ पडलं असतं. तू जाताना रत्नागिरीवरून आरे-वारेच्या रस्त्यानं पाठवलंस आणि येताना निवळीवरून आणलंस. का, ते गाडीत बसल्यावर कळलं. रत्नागिरीहून उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला राहतो, आणि ड्रायव्हरशेजारची माझी सीट डावीकडचीच. वरच्या वळणावर मामांनी गाडी कडेला घेतली. खिडकीची काच खाली केली आणि खाली सगळा किनारा, फेसाची रेघ, लांबवर होड्या. बाकीचे उतरून कठड्यापाशी गेले. मी जागच्या जागी बसून त्यांच्याइतकंच बघितलं. "काकू, तुम्ही गाडीतच थांबा" हे वाक्य त्या दिवशी कुणाला म्हणावंच लागलं नाही.

रत्नागिरीत थिबा पॅलेस बाहेरूनच बघितला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढं इथं आणून ठेवलं, १९१० मध्ये हा वाडा बांधून दिला, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. बरोबर आलेली माझी बहीण आत जाऊन आली. मी बागेतल्या बाकावर बसून पेरू खाल्ला, मला त्यातही मजा वाटली.

आणि वाळू. पौर्णिमेला सव्वापाचला पाणी खरंच लांब गेलं होतं. रस्ता आणि ओली वाळू यांच्यामध्ये कोरड्या वाळूचा पट्टा होताच. तिथं तू सांगून ठेवल्याप्रमाणे मामांनी आणि लॉजवरच्या पोरानं दोन भिजवलेली गोणपाटं आणली. एक अंथरायचं, मी त्यावर यायचं, दुसरं पुढं टाकायचं, मागचं उचलून पुन्हा पुढं. अशी माझी पालखी निघाली. बघणारे बघत होते. एका बाईनं तर मोबाईल काढला. आमच्या बहिणीनं तिच्याकडे असं काही बघितलं की तिनं तो निमूट पर्समध्ये टाकला. ओल्या वाळूवर आल्यावर काठी ठक्क उभी राहिली. खुर्चीचे पाय रुतू नयेत म्हणून खाली फळी टाकली होती. पुळ्याचा समुद्र दगाबाज आहे, पाण्यात उतरायचं नाही ही तुझी ताकीद होती, ती पाळली. पण एक लाट आपणहून आली आणि घोट्यापर्यंत भिजवून गेली, त्याला मी काय करणार? पाणी कोमट होतं. पायाखालची वाळू सरकताना जी गुदगुली होते ना, ती मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अनुभवली होती, त्यानंतर थेट आता.

दर्शन पहाटे झालं, गर्दी नव्हती. डोंगराची प्रदक्षिणा मात्र सोडली. किलोमीटरभराची ती वाट मला झेपणारी नाही, आणि देवानं काही हजेरी घेतली नाही. मालगुंडला केशवसुतांच्या गावी जाऊन आलो. ज्या खाणावळीत जेवलो तिथंही तुझा निरोप आधीच पोचलेला होता, बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीकडेला मांडून ठेवलेली. मोदक किती खाल्ले ते डॉक्टर हे पत्र वाचतील म्हणून लिहीत नाही.

तू तुझी फी घेतलीस ती नेहमीचीच. मापं घेण्याचे, वीस-वीस फोनचे, पाटाचे पैसे लावले नाहीस. ते बरोबर नाही. हे जादा काम आहे, त्याचा दर ठरव आणि पाटीवर लिही. "गुडघेदुखी, जाड अंग, काठी, वॉकर: सहल मापानं ठरवून मिळेल" असं लिहिलंस तर आमच्या मंगळवार पेठेतूनच तुला गिऱ्हाईक पुरेल.

आता कामाचं. थोरली लेक हैदराबादला असते, विमानानं ये म्हणते. तू मागे सांगितलेलं मी लिहून ठेवलंय: पट्टा अपुरा पडला तर जोडपट्टी विमानातल्या मुलीकडे मागायची, संकटकाळच्या दाराशेजारची सीट घ्यायची नाही, व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगायची, निदान ४८ तास आधी, आणि नुसतं "चालता येत नाही" न म्हणता "पायऱ्या चढता येत नाहीत" असं स्पष्ट सांगायचं, कारण आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर छोट्या विमानात पायऱ्यांनी चढावं लागतं. मग मला वर कसं घेणार, हे त्यांना फोन करून विचार. तुझ्या पद्धतीनं, मोजून सांगेपर्यंत फोन न ठेवता. बहीणही येतेय, तिनं तिची मापं स्वतःच काढून कागदावर लिहून ठेवलीत. सोमवारी दुपारी दुकान उघडं असेल तर दोघी येतो. तुझ्यासाठी आमसुलं आणि फणसपोळी आणली आहे.

तुझी,
मंगळवार पेठेतली काकू