मिराऽ

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण तुझ्या मामीला मराठी वाचता येत नाही. (स्पॅनिशमधली मामी म्हणजे तुझी आई, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कुडाळात नव्हतं. २००९ च्या मे महिन्यात तू पाच वर्षांची होतीस, अंगणभर ‘मामी, मामी’ करत फिरायचीस आणि आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत बसायची, ‘मामी न्हय गो ती, आवस तिची.’) शिवाय रविवारच्या मराठी शाळेत तुला बारा वर्षं नेऊन सोडलं, त्या पेट्रोलचे पैसे कधीतरी वसूल व्हायला हवेत.

मंगळवारी तुझा फोन आला. लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन वस्तीत मैत्रिणीच्या घरी जमला होतात, सगळ्यांचे आईबाप ग्वातेमाला, होन्डुरास, एल साल्वादोरकडचे. तू कुणाला तरी स्पॅनिशमधे ‘तू’ म्हणालीस आणि एक मुलगा हसत म्हणाला, ‘ही तर मेक्सिकन बोलते.’ कुणी वाईट वागलं नाही, हेही तूच सांगितलंस. आणि मग विचारलंस, ‘बाबा, मी तिथे बसण्याइतकी साल्वादोरियन आहे का?’ मी म्हटलं, ‘टक्के मोजायला तू काय डेअरीतलं दूध आहेस?’ दोघंही हसलो आणि फोन ठेवला. ती शुद्ध पळवाट होती. रात्री झोप लागली नाही.

त्या ‘तू’पासूनच सुरुवात करतो. स्पॅनिश शिकायला लागलो तेव्हा ‘तू’ म्हणजे चक्क आपला ‘तू’च निघाला, म्हणून मी कोण खूश! लग्नानंतर कळलं, की तुझ्या आईच्या मुलखात जवळच्या माणसाला ‘वोस’ म्हणतात आणि त्याच्याबरोबर क्रियापदाचा जोरही शेवटी सरकतो. मेक्सिकन माणूस ‘बघ’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो, ‘मीरा’. साल्वादोरियन म्हणतो, ‘मिराऽ’. तुझं नाव मी मीराबाईवरून सुचवलं होतं आणि तुझ्या आईनं ते एका क्षणात मान्य केलं. का, ते मला दोनेक वर्षांनी लक्षात आलं. बाहेर ती तुला ‘मीरा’ अशीच हाक मारायची. घराचं दार लावलं, की ‘मिराऽ’. प्रत्येक हाकेत ‘बघ, बघ’ म्हणत होती तुला.

दार लावून का, हे तिनं तुला सांगितलं नसेल. मलाही एकदाच सांगितलं, ४०५ हायवेवर अपघातामुळे गाडी दीड तास अडकली होती तेव्हा. १९८२ साली ती मावशीबरोबर निघाली, नऊ वर्षांची. ग्वातेमाला ओलांडून मेक्सिकोत शिरायचं, तिथून उत्तरेला. वाटेत मेक्सिकन पोलिसांना संशय आला तर परत ग्वातेमालाच्या हद्दीत नेऊन सोडणार. म्हणून मावशीनं तिला आठवडाभर घोकून घेतलं : ‘वोस’ म्हणायचं नाही, ‘तू’ म्हणायचं, आपल्याकडचे शब्द गिळायचे, आणि जमलं नाही तर मुकी आहेस असं मी सांगेन. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या तापाचुलापासून पुढे बसमधे ती खरंच मुकी झाली. चार दिवस. त्यानंतर लॉस एंजेलिसमधे शाळेत सगळी मुलं मेक्सिकन, तिथेही ‘तू’च सोयीचं ठरलं. तर त्या मुलाला ऐकू आलं ते काही चूक नव्हतं. तुझं ‘तू’ मेक्सिकनच आहे. पण ते तुझ्यापर्यंत कसं आलं, हे त्याच्या आजीनं ऐकलं तर ती हसणार नाही. तिनंही बहुधा तेच घोकलेलं असेल.

मला हे पटकन समजायला हवं होतं. सतराव्या वर्षी कुडाळहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो आणि हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी मेस कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, ‘माका काय म्हायत नाय.’ पूर्ण मजला हसला. महिन्याभरात माझं मराठी इतकं पुणेरी झालं, की सुट्टीत घरी गेल्यावर आजी म्हणाली, ‘आमका आता तुमच्याशी बोलूक इंटरव्ह्यू देवचो लागतलो.’ माझा जीव धोक्यात नव्हता, फक्त अब्रू होती. तरी मी लपवली माझी भाषा. मग बायकोनं दार लावून बोलावं याचं नवल मला का वाटावं? वाटलं नाही, हेच तर चुकलं. तिची ती सवयच आहे असं समजून मी गप्प राहिलो आणि तिच्या गप्प बसण्याच्या जागेत माझं सामान मांडत गेलो.

आपल्या घरात मंडळाचा गणपती, पाडवा, दिवाळी अंक, आजीचे फोन. माझी बाजू मोठ्यानं बोलायची. २००७ साली चतुर्थी नेमकी १५ सप्टेंबरला आली, शनिवारी. १५ सप्टेंबर म्हणजे १८२१ मधे ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्डुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका स्पेनपासून सुटले तो दिवस, त्या सुमारास इथे मिरवणूक निघते. तुझ्या आईनं आदल्या आठवड्यात विचारलं होतं, छोकरीला खांद्यावर बसवून जाऊया का. तू तीन वर्षांची. मी म्हटलं, ‘गणपती बसवायचाय, पुढच्या वर्षी जाऊ.’ तिनं दिवसभर माझ्याबरोबर मोदक वळले. तिच्या मोदकांना कळ्या माझ्यापेक्षा बऱ्या पडतात, पुपुसा, म्हणजे त्यांच्या सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, थापून थापून हात तयार झालेला. पुढच्या वर्षी गेलो नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही.

(पुपुसा आणि थालीपिठाची तुलना मी इथे करणार नाही. मंडळात प्रत्येक वेळी कुणीतरी ती करतं आणि मग एल साल्वादोर हा विषय संपतो.)

आता कागदांची गोष्ट, कारण तू वर्गात हे शिकते आहेस आणि घरातलं उदाहरण तुला माहीत नाही. एल साल्वादोरमधलं यादवी युद्ध १९८० ते १९९२, पंचाहत्तर हजारांवर माणसं गेली. अमेरिका तिथल्या सरकारच्या सैन्याला पैसा आणि शस्त्रं देत होती. मग त्याच सैन्याच्या भीतीनं पळून आलेल्यांना ‘निर्वासित’ कसं म्हणणार? त्या वर्षांत साल्वादोरियन आणि ग्वातेमालन अर्जांपैकी शंभरात तीनसुद्धा मंजूर होत नव्हते. चर्चसंस्थांनी १९८५ मधे सरकारवर दावा लावला, १९९१ मधे तडजोड झाली आणि जुने अर्ज पुन्हा ऐकायचं ठरलं. तुझ्या अबुएलानं, आईच्या आईनं, तेव्हा नाव नोंदवलं, स्वतःचं आणि मुलीचं. ती तेव्हा दिवसाला दोन घरं साफ करायची आणि नोंदणीची पावती चर्चमधल्या संताच्या चित्रामागे चिकटवून ठेवायची. पुढे १९९७ मधे जो कायदा आला, ज्याच्यामुळे तुझ्या आईला शेवटी ग्रीनकार्ड मिळालं, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो ‘नाकारा’. २००१ मधे आमचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला सांगितलं, ‘माझा नाकाराचा अर्ज आत आहे.’ मी एकटाच हसलो. तिला समजावून सांगितल्यावर तीही हसली, पण मला वाटतं माझ्यापेक्षा वेगळ्या कारणानं.

तिचं गाव चालातेनांगोमधे, सुम्पूल नदीपासून लांब नाही. १४ मे १९८० ला त्या नदीवर काय झालं ते तू वाचलं असशील. सैन्यापुढून पळणारी माणसं नदी ओलांडून होन्डुरासला जायला बघत होती, पलीकडून होन्डुरासच्या सैनिकांनी वाट अडवली. नंतरच्या सत्यशोधन आयोगानं किमान ३०० मेले असं नोंदवलं. तुझ्या आईचा मोठा मामा त्या नदीवर होता. एवढंच मला माहीत आहे. त्यानंतर त्यांनी तिला मावशीकडे पांचिमाल्कोला पाठवलं, राजधानीच्या दक्षिणेला. दोन वर्षं ती तिथे होती.

आणि इथे मला चाफ्याचं सांगायचं आहे.

कुडाळच्या त्या सुट्टीत एका सकाळी तुझी आई रवळनाथाच्या देवळामागे पांढऱ्या चाफ्याखाली उभी दिसली. झाडाला पान नाही, नुसती फुलं, खाली सडा. तिनं ओच्यात फुलं गोळा केली, घरी येऊन आजीकडे खुणेनं माडाचं झावळं मागितलं. परसात बसून झावळाच्या एकेका हिरात ती फुलं ओवत राहिली, खालपासून वरपर्यंत, आजी आणि दोन शेजारणी भोवती. दोन तासांनी ते झावळं म्हणजे एक पांढरं पिसांचं काहीतरी झालं होतं, माणसाच्या उंचीचं. आजी ते जसंच्या तसं देवळात घेऊन गेली. लोकांनी मला विचारलं हे काय. मी म्हणालो, ‘असंच, डेकोरेशन.’ तुझी आई म्हणाली हे फूल आमचं आहे, ‘फ्लोर दे मायो’, मेचं फूल. मी तिला चारचौघांत समजावून सांगितलं, की चाफा कोकणातला, पिढ्यान्‌पिढ्या देवळात आहे. ती गप्प बसली.

गेल्या वर्षी तू मध्य अमेरिकेचा विषय घेतलास म्हणून मी वाचायला बसलो. पांचिमाल्कोत मे महिन्याच्या सुरुवातीला पालखीसारखी मिरवणूक असते आणि बाया ताडाच्या पात्यांत हीच फुलं ओवून ती खांद्यावर घेऊन चालतात. सात-आठ वर्षांच्या मुलीनं दोन मे महिने ते पाहिलं होतं, बहुधा केलंही होतं, आणि सत्तावीस वर्षांनी कुडाळच्या परसात तिच्या बोटांनी ते जसंच्या तसं काढलं. आणि चाफ्याबद्दल सांगायचं तर, सोनचाफा आपला. पण देवळामागचा तो पांढरा चाफा मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेचाच, जहाजांतून इकडे आलेला. आपल्या कुंपणाचं गिरीपुष्पही तिकडचंच, त्याला तिथे ‘माद्रेकाकाओ’ म्हणतात. म्हणजे ज्या झाडाखाली उभं राहून मी तिला कोकण शिकवत होतो, ते तिच्या माहेरचं होतं. पंधरा वर्षं झाली, मी अजून तिची माफी मागितलेली नाही. आधी तुला सांगतोय, हे बरोबर नाही, कळतं मला.

तू म्हणालीस, तुमच्यातली कान्होबाल, म्हणजे ग्वातेमालातल्या माया लोकांपैकी, मुलगी म्हणते की तिच्या आजीला स्पॅनिशसुद्धा नीट येत नव्हतं, तर ‘लॅटिना’ हे नाव तिनं का घ्यावं. आणि गारिफुना, म्हणजे आफ्रिकी आणि कॅरिबियन मूळनिवासी वंशाच्या, मुलाला सगळे आधी आफ्रिकन-अमेरिकन समजतात, मग तो होन्डुरासचं सांगतो तेव्हा खोटं वाटतं. माझं मत विचारशील तर, ‘मध्य अमेरिकी’ हे नाव प्रवासात तयार झालेलं आहे. सान साल्वादोरमधे बसलेला माणूस क्वचितच स्वतःला तसं म्हणत असेल. १९६९ मधे एल साल्वादोर आणि होन्डुरास चार दिवस एकमेकांशी लढले. त्या लढाईतल्या कुणाचीतरी नातवंडं तुमच्या त्या सोफ्यावर शेजारी बसलेली असतील. मुंबईत चाळीत गेल्यावर आमची माणसं जशी ‘कोकणी’ झाली, मालवणी, चिपळूणकर, राजापूरकर हे भेद गावी ठेवून, तसंच काहीसं. प्रवासात तयार झालेलं नाव खोटं नसतं, पण त्यात कोण मावत नाही यावर लक्ष ठेवावं लागतं. तुम्ही ते ठेवताय, म्हणून मला तुमचा गट आवडला. हसणारा मुलगा धरून.

तुझ्या प्रकल्पासाठी आईची मुलाखत घ्यायची आहे म्हणालीस. रेकॉर्डर समोर ठेवून नको. ‘सुम्पूलला काय झालं’ असं तर अजिबात नको. तिथल्या लोकांची गप्प बसण्याची सवय १९८० पेक्षा जुनी आहे. १९३२ मधे पश्चिमेकडे लष्करानं हजारो नाहुआ लोक मारले, त्यानंतर आयांनी मुलांशी ‘नावात’ या आपल्या भाषेत बोलणंच सोडलं. विचारल्यावर उत्तर देण्यात धोका असतो, हे तिथे आईच्या दुधाबरोबर येतं. तिच्याबरोबर व्हर्मॉन्ट अॅव्हेन्यूवर खरेदीला जा. गाडी तू चालव, ती बाजूला बसू दे, दोघींची नजर रस्त्यावर असू दे. ट्रॅफिक लागला तर लागू दे. पहिल्यांदा फुलांचं विचार. पांचिमाल्कोचं मला वाचून कळलं, तिच्या तोंडून नाही. ते तुला मिळालं तर मला सांगू नकोस, मी स्वतः विचारणार आहे.

आणि तिच्याशी एकदा ‘वोस’ म्हणून बघ. चुकशील. ती सुधारेल.

रविवारी येताना लोरोको, पुपुसातल्या त्या कळ्या, घेऊन ये, बरणीतला नको, फ्रोझन चालेल म्हणते आई. आत्ता दारात येऊन विचारून गेली, इतका वेळ काय लिहितोस. म्हटलं, मीराला पत्र. म्हणाली, लिही तिला माझ्याकडून. काय लिहू? तिनं दाराकडे एकदा पाहिलं. दार उघडंच होतं.

‘बेनीऽ, पुएस.’ (ये तर मग.)

तुझा,
बाबा